कास्तिल्योनेचा कित्ता

इ. स. १६३९ च्या एप्रिल महिन्यात ॲम्स्टरडॅम शहरी लूकास फान उफेलेन नामक एका मयत व्यापाऱ्याच्या चित्रसंग्रहाचा लिलाव झाला. उफेलेनने व्हेनिसमध्ये व्यापार करून नामांकित इटालियन चित्रे जमविली होती; त्यांपैकी राफाएलने रंगविलेले एक व्यक्तिचित्र पुकारले गेले, तेव्हा योआखिम फॉन सांड्रार्ट या चित्रकाराने ३,४०० गिल्डरपर्यंत बोली चढविली आणि तेथे त्याचे बळ संपले. फ्रेंच दरबारासाठी खरेदी करणाऱ्या आल्फोन्सो लोपेझ या अडत्याने ते ३,५०० गिल्डरांना घेतले. हा सारा व्यवहार पाहणाऱ्यांत बत्तीस वर्षांचा रेम्ब्रांट होता. त्याच्यापाशी त्या चित्रासाठी पैसा असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याने १३,००० गिल्डरांना एक घर घेऊन डोक्यावर कर्जाचा डोंगर करून ठेवला होता, आणि या एका चित्राचे मोल त्या घराच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भरले होते. तेव्हा खरेदीदाराला जे न्यावयाचे होते ते त्याने नेले, आणि चित्रकाराला जे न्यावयाचे होते ते चित्रकाराने नेले: वीतभर कागदावर लेखणीने केलेले एक घाईचे रेखाटन, आणि त्याच्या कडेला चित्राची किंमत व सबंध संग्रहाचे ५९,४५६ गिल्डर एवढे उत्पन्न, अशी दप्तरात शोभेल इतकी चोख नोंद. तो कागद आज व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे.

पुढच्याच वर्षी, १६४० मध्ये, रेम्ब्रांटने स्वतःचे जे चित्र रंगविले, त्यात या कागदाचा उपयोग कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. अंगावर शंभर वर्षांपूर्वीचा थाटाचा पोशाख, मस्तकावर रुंद टोपी, देह एका बाजूस वळलेला आणि नजर मात्र थेट पाहणाऱ्यावर रोखलेली, ही सारी मांडणी राफाएलच्या चित्रावरून आली. परंतु कठड्यावर टेकलेला हात तेथला नव्हे. तो त्याने तिशियनच्या एका चित्रातून उचलला, आणि ते तिशियनचे चित्रही त्या सुमारास त्याच लोपेझच्या मालकीचे असून ॲम्स्टरडॅममध्येच होते. इटलीला आयुष्यात कधीही न गेलेल्या या डच चित्रकाराने आपल्या गावी चालून आलेली दोन इटालियन चित्रे पाहिली, दोहोंची प्रकृती ओळखली, आणि त्यांच्या संयोगातून असे एक तिसरे चित्र सिद्ध केले की ज्यावर रेम्ब्रांटखेरीज अन्य कोणाचाही हक्क सांगता येऊ नये. तिशियनचे ते चित्र आणि रेम्ब्रांटचे हे आत्मचित्र, दोन्ही आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. पाहणाऱ्याला एका दालनातून दुसऱ्यात जाऊन त्यांची रुजुवात घालता येते.

अभिजात चित्राची प्रत करून तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकण्याची जी पद्धती आहे, तिच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते प्रत करणे ही निव्वळ हमाली असून तिने विद्यार्थ्याची प्रतिभा मारली जाते. दुसऱ्याच्या मते हुबेहूब प्रत साधली की विद्या हाती आली. माझ्या मते दोन्ही पक्ष प्रतीच्या पृष्ठभागाकडे पाहतात. जुन्या चित्राची प्रत करताना शिकावयाचा असतो तो त्या चित्राचा क्रम: कोणते काम आधी झाले, कोणते मागाहून, कोठे चित्रकार थांबला आणि कोठे त्याने मुद्दाम काही अर्धवट सोडले. हा क्रम ज्याच्या हाताने उमगला त्याला प्रत विसरता येते, आणि ज्याला तो उमगला नाही त्याच्याजवळ प्रतीखेरीज दुसरे काही उरत नाही.

उदाहरणादाखल राफाएलचे तेच चित्र घेऊ. बाल्दास्सारे कास्तिल्योने (१४७८–१५२९) हा मुत्सद्दी, लेखक आणि राफाएलचा स्नेही. दरबारी पुरुषाचे आचरण कसे असावे यावर त्याने लिहिलेला ग्रंथ १५२८ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध झाला आणि पुढे युरोपभर वाचला गेला. जे करावयाचे ते श्रमपूर्वक साधावे, परंतु श्रमांचा मागमूसही दिसू देऊ नये, ही त्यातील मुख्य शिकवण. राफाएलने १५१४–१५ च्या सुमारास त्याला रंगविले ते याच शिकवणीबरहुकूम. उंची ८२ सेंटिमीटर, रुंदी ६७. पार्श्वभूमी उबदार करड्या रंगाची, तिच्यात पडदा नाही, खिडकी नाही, देखावा नाही. काळा अंगरखा, त्यावर करडी मऊ फर, गळ्याशी पांढऱ्या सदऱ्याची चुणीदार पट्टी, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी दाढी, निळे डोळे, आणि खाली एकमेकांत गुंतलेले दोन हात, तेही चौकटीच्या कडेने अर्धवट कापलेले. जवळजवळ सारे चित्र काळा, पांढरा, करडा आणि मातकट अशा चार रंगांत आटोपले आहे. दागदागिन्यांचा, जरतारीचा, तांबड्या मखमलीचा आधार न घेता एक मनुष्य समोर बसला आहे आणि आपल्याकडे शांतपणे पाहत आहे, एवढेच. हे चित्र पुढे कार्डिनल माझारँच्या संग्रहातून १६६१ मध्ये चौदाव्या लुईकडे गेले आणि आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. रुबेन्सने त्याची प्रत केली, ती लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. रेम्ब्रांटची हकीगत वर आलीच. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरुण मातीसने लूव्रमध्ये इझल लावून त्याचीच प्रत केली. इतक्या भिन्न प्रकृतीच्या चित्रकारांनी गिरविलेला असा दुसरा कित्ता सापडणे कठीण.

हाच कित्ता, छापील प्रतीच्या रूपाने, कोल्हापुरात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, उत्तरेकडच्या खिडकीशी लावलेला मी पाहिला. कोल्हापूर हे चित्रकारांचे गाव. आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर यांच्यापासून तेथे तैलरंगाचा वास हवेत आहे. ज्यांची ही चित्रशाळा ते गृहस्थ चित्रकलेच्या अध्यापनातून निवृत्त झालेले. नाव छापू नये अशी त्यांची ताकीद असल्याने येथे त्यांचा उल्लेख ‘सर’ एवढाच करतो. त्यांचा शिष्य पंचविशीतला, हात मोठा सफाईदार. फोटोवरून पुढाऱ्यांची आणि दिवंगत वडीलधाऱ्यांची चित्रे रंगवून त्यावर तो घर चालवीत असे. अशा तयार हाताच्या मुलाला सरांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की कॅनव्हास मूळ चित्राहून लहान घ्यावयाचा, आणि चेहऱ्यावर चौकटी आखावयाच्या नाहीत. चौकटी आखल्या म्हणजे चित्राचे तुकडे पडतात, आणि विद्यार्थी एकेक तुकडा भरीत सुटतो. मस्तक खांद्यांवर कसे बसले आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याऐवजी ओळंबा धरून डोळ्याच्या कोपऱ्याखाली काय येते ते पाहावे, कपाळाची उंची ब्रशच्या दांड्यावर मोजून ती हनुवटीपर्यंत कितीदा बसते ते पडताळावे, आणि सगळी मापे एकमेकांच्या साक्षीने पक्की करावी.

कॅनव्हासला पांढरे अस्तर होते. त्यावर रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने पुसून घेतला, तेव्हा फिकट मातकट जमीन तयार झाली. पांढऱ्या जमिनीवर कोणताही रंग काळाच दिसतो, म्हणून ही तयारी. मध्यम छटेच्या जमिनीवर गडदही कळते आणि उजेडही कळतो. त्यानंतर अंबर आणि पांढरा एवढ्यानेच छायाप्रकाशाचा पहिला हात. शिष्याने येथे स्वभावाप्रमाणे डोळे आणि नाक सुरेख काढले, नाकाच्या शेंड्यावर हायलाइटही ठेवला. सर मागे उभे होते. ते म्हणाले, “नाकाच्या मागं का लागलाईस? आधी डोकं बसव की. खरड ते.” मुलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि पॅलेट नाइफने नाक खरडून टाकले. “आता डोळे बारीक कर आणि बघ. काय दिसतंय?” “टोपी न् अंगरखा एकच दिसतोय, सर.” “मग तसंच कर. राफाएलनं तसंच केलंय. बटणं नंतर मोजायची.”

त्या चित्रातील काळ्या रंगाचा अभ्यास हा सबंध शिकवणीचा गाभा होता, असे मला वाटले. दुरून एकच दिसणारा तो काळा जवळ जाऊन पाहता निरनिराळ्या जातींचा निघतो. टोपीचा काळा दाट आणि काहीसा थंड. अंगरख्याचा काळा अधिक उबदार, प्रकाशाकडे वळला की तपकिरीकडे झुकणारा. आणि फरच्या आतील सावल्यांचा काळा हा मुळी काळाच नव्हे, तो गडद करडा आहे आणि शेजारच्या उजेडामुळे काळा भासतो. शिष्याच्या पॅलेटवर आयव्हरी ब्लॅक होता. त्याने तो सर्वत्र लावला आणि चित्राला तीन भोके पडली. सरांनी मग त्याला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणातून काळा करावयास लावले: निळा वाढविला की थंड, अंबर वाढविला की उबदार. मिश्रण जुळले की नाही हे ठरविण्याची त्यांची रीतही साधी होती. करड्या पुठ्ठ्याला एक लहानसे भोक पाडून तो पुठ्ठा छापील प्रतीवर ठेवावयाचा, म्हणजे आजूबाजूचे रंग झाकले जाऊन तेवढाच ठिपका दिसतो. मग तोच पुठ्ठा नाइफवरच्या रंगावर धरून पाहावयाचा. या परीक्षेत एक मौज झाली. फरच्या जवळचा जो भाग शिष्य निळसर समजून निळा रंगवीत होता, तो भोकातून पाहता शुद्ध करडा निघाला, निळ्याचा त्यात लेशही नव्हता. भोवतालच्या पिवळसर मातकट रंगामुळे डोळा त्या करड्याला निळा ठरवीत होता. राफाएलला हे ठाऊक होते, म्हणूनच चार रंगांत त्याचे भागले.

यानंतर आला तैलरंगाचा मूळ नियम, जो पुस्तकात वाचून कोणाच्याही लक्षात राहत नाही आणि एकदा हाताने अनुभवल्यावर जन्मभर विसरत नाही. जलरंग वाळतो तो पाणी उडून गेल्याने. जवसाचे तेल तसे उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा असावा लागतो. उलट केले तर वरचा थर आधी आवळतो, खालचा मागाहून हलतो, आणि काही वर्षांनी चित्राला भेगा जातात. त्यातही प्रत्येक रंगाची चाल वेगळी: अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक दिवसेंदिवस ओला राहतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर सगळ्यांचीच गती मंदावते. प्रत करणाऱ्याला त्यामुळे सक्तीने थांबावे लागते. थर वाळेपर्यंत थांबणे, त्या अवधीत मूळ चित्राकडे पुन्हा पाहणे, आणि पाहिल्यावर आपण रंगविले आहे त्याहून मुळात कितीतरी कमी रंगविलेले आहे असे आढळणे, हा या शिक्षणाचा एक मोठा भाग आहे. सावल्या पातळ, पारदर्शक, खालची जमीन दिसू देणाऱ्या. उजेड तेवढा दाट. शिष्याने प्रथम उलट केले होते. सावलीत रंग चोपडला होता आणि कपाळावर कंजुषी केली होती.

पांढऱ्या रंगाचीही एक अडचण आहे. जुन्या चित्रकारांचा पांढरा शिशापासून केलेला असे. तो विषारी, परंतु किंचित उबदार आणि थोडासा पारदर्शक. आज सर्वत्र मिळतो तो टायटॅनियम पांढरा विसाव्या शतकातील. झाकण्याची त्याची ताकद जबर आणि स्वभाव थंड. तो भीडभाड न ठेवता त्वचेत मिसळला की चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो. यावर सरांचा उपाय एवढाच, की पांढरा जितका घ्यावासा वाटेल त्याच्या निम्मा घ्यावा आणि यलो ऑकरने उजळता येईल तेथवर उजळावे.

प्रत पुरी झाल्यावर मुलाला वाटले की आता दुसरे चित्र येणार. सरांनी ती प्रत भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि त्याच खिडकीशी, त्याच प्रकाशात, गुळाच्या अडत दुकानातील एका वृद्ध दिवाणजींना बसविले: डोक्यावर काळी टोपी, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर करडी घोंगडी. “हे तुझं कास्तिल्योने,” ते म्हणाले. दिवाणजींनी “बसू का असाच?” म्हणून विचारले आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांना डुलकी लागली.

येथे पाठ केलेली सारी मिश्रणे कोसळली. राफाएलच्या मॉडेलच्या गोऱ्या त्वचेत उजेड उबदार आणि मधल्या छटा थंड होत्या. दिवाणजींच्या सावळ्या, उन्हाने रापलेल्या त्वचेवर खिडकीचा उजेड निळसर चमकत होता, मधल्या छटांत ताम्रवर्ण भरला होता, आणि जबड्याखालच्या सावलीत चक्क तांबडा होता. युरोपीय त्वचेची कृती येथे लावावी तर माणूस आजारी दिसे. परंतु क्रम कोसळला नाही. मध्यम जमीन, मस्तकाचे वजन, टोपी आणि केस एका छायेत, पातळ सावल्या, दाट उजेड, करड्याची शेजाऱ्याशी बोलणी, आणि बारकावे सर्वांत शेवटी; हे सारे जसेच्या तसे उपयोगी पडले. तो चेहरा कास्तिल्योनेइतका सुंदर उतरला असे मी म्हणणार नाही. परंतु त्या मुलाने फोटोवरून केलेल्या साऱ्या चित्रांत नसलेली एक गोष्ट त्यात होती: डोक्याला पाठीमागची बाजू आहे, असे ते पाहताना वाटत होते.

प्रत करणे हे नवशिक्याचे काम, हा समजही इतिहासाने खोटा ठरविला आहे. १६२८ मध्ये रुबेन्स राजकीय वाटाघाटींसाठी माद्रिदला गेला तेव्हा तो ५१ वर्षांचा, सर्व युरोपात कीर्तिमान झालेला आणि राजेरजवाड्यांचा विश्वासू होता. तेथे राजसंग्रहातील तिशियनची चित्रे पाहून त्याने विद्यार्थ्याप्रमाणे त्यांच्या प्रती करावयास आरंभ केला. तिशियनचे ‘आदाम आणि ईव्ह’ आणि रुबेन्सने केलेली त्याची प्रत ही दोन्ही आज प्राडो संग्रहालयात आहेत. आदामाची बैठक रुबेन्सने बदलली, रंग उबदार केले, आणि मुळात नसलेला एक तांबडा पोपटही झाडावर बसविला. त्या वेळी दरबारात एक २९ वर्षांचा चित्रकार होता, त्याचे नाव व्हेलास्केस. रुबेन्सच्या मुक्कामानंतर तो १६२९ मध्ये इटलीला गेला. अडीचशे वर्षांनी, १८७९ मध्ये, माद्रिदच्याच प्राडोत जॉन सिंगर सार्जंट व्हेलास्केसची प्रत करीत उभा राहिला. अशी ही परंपरा एका हातातून दुसऱ्या हाती गेली आहे, आणि तिच्यात कोणालाही दुसऱ्याची नक्कल करणारा म्हणून हिणविण्याचे कारण पडलेले नाही.

प्राडोतच प्रतीविषयीचे आणखी एक विलक्षण प्रमाण मिळाले. मोना लिसाची एक जुनी प्रत तेथे काळ्या पार्श्वभूमीसह पिढ्यान्‌पिढ्या पडून होती आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत दोन गोष्टी निघाल्या. काळा रंग मागाहून फासलेला होता आणि त्याखाली मूळचा निसर्गदेखावा शाबूत होता; शिवाय, रंगाखालच्या रेखाटनात ज्या दुरुस्त्या आढळल्या, त्या लिओनार्दोच्या मूळ चित्रातील दुरुस्त्यांशी जुळत होत्या. याचा अर्थ असा, की ती प्रत करणारा कोणी अनाम शिष्य तयार चित्रापुढे बसला नव्हता. गुरू आपले चित्र बदलीत असता तोही शेजारी बसून आपले बदलीत होता. गुरूचे निर्णय होताना पाहणे, इतकेच नव्हे तर ते आपल्या हाताने पुन्हा घेणे, यापरते शिक्षण ते कोणते?

हे भाग्य गुरूच्या चित्रशाळेबाहेरील मंडळींना मिळावे याची सरकारी तजवीज फ्रान्सने केली. राज्यक्रांतीनंतर १० ऑगस्ट १७९३ रोजी लूव्र लोकांसाठी उघडले, तेव्हा क्रांतिकालीन दहा दिवसांच्या आठवड्यापैकी पाच दिवस चित्रकारांसाठी राखून ठेवण्यात आले आणि सामान्य प्रेक्षकांच्या वाट्याला त्याहून कमी आले. संग्रहालय ही आधी शाळा आणि मग करमणूक, असाच या हुकुमाचा अर्थ होता. परवाना घेऊन प्रत करण्याची वहिवाट तेथे आजही चालू आहे, आणि तिचे नियम व्यवहारी शहाणपणाचे आहेत: इझल संग्रहालय देते, प्रतीचे आकारमान मूळ चित्राहून निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठे असले पाहिजे, मूळ चित्रकाराची सही उतरवावयाची नाही, आणि कॅनव्हासवर शिक्का पडल्याखेरीज तो दाराबाहेर जात नाही. प्रत आणि बनावट चित्र यांतील सीमा एवढ्या चार नियमांनी आखली जाते. देगा आणि माने यांची पहिली भेट याच दालनांत, व्हेलास्केसच्या नावावर असलेल्या एका राजकन्येच्या चित्रापुढे झाली. फांतां-लातूर कित्येक वर्षे येथील प्रती विकून पोट भरीत होता, आणि मातीसने केलेल्या काही प्रती तर फ्रेंच सरकारनेच विकत घेतल्या. पुढे ज्याने चित्रकलेतील रंगांचे सारे जुने कायदे मोडले, त्याने ते आधी या दालनांत बसून रीतसर वाचले होते.

आपल्या महाराष्ट्रात प्रतीचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तिचे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले आणि ते १८८५ पर्यंत चालले. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूने केलेल्यांपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. दैव असे, की ज्या कामासाठी इतकी वर्षे खर्ची पडली त्या कामाचा मोठा भाग राख झाला. परंतु ज्यांनी ते केले त्यांच्या हातातील विद्या जळाली नाही. त्या प्रतिकृतींच्या कामात अग्रभागी असलेले पेस्तनजी बोमनजी पुढे तैलरंगातील नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. अजिंठ्याची शैली एक आणि युरोपीय तैलचित्राची दुसरी; तरी दुसऱ्याच्या रेषेमागे वर्षानुवर्षे शिस्तीने जाण्याची जी सवय, ती दोन्हीकडे उपयोगी पडली असली पाहिजे.

ज्यांना प्रतीचा अथवा गुरूचा लाभ झाला नाही त्यांचे काय झाले, याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्रावणकोरच्या दरबारी आला, तेव्हा तरुण रविवर्म्याला त्याने शिकविले नाही. रंगवीत असता दुरून पाहण्याची मुभा तेवढी दिली. रविवर्मा त्या पाहण्यातून शिकले, हे त्यांच्या बुद्धीचे सामर्थ्य होय. तथापि जेथे पाहण्याचीही चोरी, तेथे किती हात वाया गेले असतील याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

गोव्यातील सांगे गावी जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे या दृष्टीने मला विशेष महत्त्वाचे वाटतात. जे. जे. मध्ये शिकलेल्या आणि तेथेच शिकविणाऱ्या या चित्रकाराला ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. हे बिरुद त्यांना एवढ्याचसाठी शोभते असे नव्हे, की त्यांच्या चित्रांत काळोखातून चेहरा उजळून निघतो; युरोपचा छायाप्रकाश त्यांनी आपल्या माणसांच्या वर्णावर, आपल्या घरांतील उजेडात पडताळून पाहिला, म्हणून तो त्यांचा झाला. पणजीच्या फुंदासांव ओरियेंते या संस्थेत त्यांची चित्रे एकत्र पाहावयास मिळतात. दिवाणजींच्या जबड्याखालच्या तांबड्या सावलीपाशी अडलेल्या विद्यार्थ्याने लूव्रच्या आधी तेथे जावे.

आजच्या विद्यार्थ्यापुढे प्रती करण्यासाठी साऱ्या जगाची चित्रे हातातल्या पडद्यावर हजर आहेत, आणि नेमका येथेच धोका आहे. पडद्यावरचा काळा हा दिव्याचा काळा. त्यात थर नाही, तेल नाही, ब्रशचा ओरखडा नाही. सावली पातळ आहे की दाट हे त्यावर कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय क्रम उमगत नाही. छापील प्रत थोडी बरी, तरी तीही अपुरी. ज्याला तैलरंग शिकावयाचा आहे त्याने निदान एकदा खऱ्या तैलचित्राच्या बाजूला, भिंतीला लागून उभे राहून, पृष्ठभागावर तिरपा पडणारा उजेड पाहावा. मग कोठे रंगाचा उंचवटा आहे आणि कोठे कापडाची वीण उघडी आहे ते आपोआप दिसेल. त्यासाठी पॅरिसचे तिकीट काढावयास नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांनी जमविलेले युरोपीय चित्रांचे दालन आहे. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत, आणि पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगविलेले बालगंधर्व नाटकाच्या मध्यंतरात कोणालाही पाहता येतात.

तेव्हा या लेखाच्या निमित्ताने आपल्या संग्रहालयांच्या चालकांना एक विनंती करावीशी वाटते. आठवड्यातील एक सकाळ, प्रेक्षकांची गर्दी नसेल अशी, विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. अनामत घ्यावी, परवाना द्यावा, जमिनीवर मेणकापड अंथरावयास लावावे, आकारमानाचा आणि सहीचा नियम लूव्रप्रमाणे कडक ठेवावा, कॅनव्हासवर शिक्का मारावा. आणि एवढे झाल्यावर त्यांना चित्रापुढे इझल लावून निवांत बसू द्यावे. कलाशाळांनी त्या सकाळची हजेरी वर्गातील हजेरीइतकीच धरावी. याला फार खर्च नाही, नवीन इमारत लागत नाही, आणि यासाठी लागणारी चित्रे आपल्या भिंतींवर आधीच टांगलेली आहेत.